सिप्रियानो रिकाफोर्त यांनी लाइंगची हंडी न ढवळितां राखिली, त्याची हकीकत

मायोन पर्वताचे नजरेत ओआस म्हणोन कसबा आहे, तेथील रिकाफोर्त घराण्याची अब्रू एका रविवारी दोन प्रहरी हंडीत कैसी सापडली आणि तेथोन कैसी सोडविली, हे जे हजर होते व जेवले त्यांचे तोंडून ऐकोन, पदरचे तिखटमीठ न लावितां, येथे नमूद केले असे.

खासे सिप्रियानो यांनी तीस वर्षे प्रवासी जीपगाडी हाकिली, वळणे मारिली, परंतु चुलीचे मुलखात पाऊल म्हणोन घातले नव्हते. त्या मुलखाचा अंमल कुटुंब फेलिसितासबाई यांजकडे. वाळल्या अळूची पाने नारळाचे दुधात शिजवोन लाइंग करावे तर बाईंनीच, ऐसा लौकिक. आणि कन्या मारिवेल इजला मागणी घालावयास लेगास्पी शहरचे व्याही रविवारी येणार, त्यात व्याहीण कॉन्सोर्सियाबाई ह्या लाइंग चाखोनच घराची पारख करितात, ऐसी पक्की बातमी खुद्द नवरदेवाने फोनवरून दिली. तो गुरुवारी फेलिसितासबाई मोरीत पाय घसरोन पडल्या आणि उजवे मनगट मोडोन प्लास्टरात कैद जाहले. कन्येने पूर्वी एक वेळ लाइंग केले होते, तेव्हा घरची सारी दोन दिवस खाकरत होती, सबब तिचे नाव खारीज.

मग बाईंनी वेताचे खुर्चीवरून हुकूम फर्माविला.

"अहो, आता तुम्हीच."

"मी? मला कॉफी तरी धड येते का?"

"गाडी तरी कुठं येत होती आधी? शिकलातच ना. फक्त एक ऐका. पानं वर पसरली की ढवळायचं नाही. पानं मऊ होऊन खाली बसेपर्यंत चमचा लावायचा नाही. लावलात की खाज सुटलीच. पाहुण्यांचे घसे खवखवले, तर पोरगी राहील घरीच."

तेव्हा खासे रविवारी पहाटेच कंबर बांधोन उठले आणि खवणीवर स्वार जाहले. पाच नारळ पाडाव केले, त्यात दोन बोटे जखमी जाहली. जाड दूध निराळे काढोन राखीव फौजेसारिखे झाकोन ठेविले, आणि पातळ दूध हंडीत चढवोन आले, लसूण, खारा जवळा व डुकराचे मांस सोडिले, आणि मग वरोन अळूची पाने ऐसी अंथरिली की हंडीचे तोंड दिसेना. बाईंनी पाहोन मान डोलाविली आणि वेणीफणीकरितां कन्येसह आंत गेल्या.

आता खासे एकले. हंडी बुडबुडू लागली, आणि उजवा हात गियरचे सवयीने आपोआप पळीकडे जाऊ लागला, मग त्यांनी तो हात विजारीचे खिशात कोंडोन ठेविला.

इतक्यांत शेजारच्या पुरिताबाई, वयाने थोर म्हणोन सारी आळी त्यांस मानाय म्हणे, त्या स्वतःची पळी उगारोन मागील दाराने चालोन आल्या.

"अरे सिप्रियानो, वास येतोय! तळाला लागतंय! सरक, एकदा फिरवते."

"मानाय, हात लावू नका."

"चाळीस वर्षं रांधतेय मी. तू मला शिकवणार?"

"तुम्हाला नाही शिकवत. बायकोला घाबरतो."

वास तर खरोखरच येत होता. ढवळावे तर खाज, न ढवळावे तर करपट, ऐसा दोहों बाजूंनी पेच. मग त्यांनी क्षणभर डोळे मिटिले, आणि उतारावर वेग कमी करावा तैसी दोन लाकडे चुलींतून ओढोन विझविली व हंडीस झाकण घालोन त्यावर पालथा हात ठेवोन उभे राहिले. हात भाजला, हालविला नाही.

त्याच समयी वेशीवर व्याह्यांचे गाडीचा भोंगा वाजला. तासभर अगोदर! पाने अद्याप वरच तरंगत होती. तेव्हा खाशांस मोठी मसलत सुचली.

"मानाय, एक काम तुम्हालाच जमेल. पाहुण्यांना ओसरीवर बसवा आणि बोलत राहा. थांबू नका."

पुरिताबाईंनी पळी खाली ठेविली, केस सारखे केले आणि वकिलीवर रवाना जाहल्या. तदनंतर तासभर त्यांनी आपले गुडघ्याचे दुखणे आरंभापासोन ऐसे कथन केले की व्याह्यांस भूक सांगावयास फट मिळाली नाही. इकडे पाने मऊ होऊन दबली, जाड दूध व मूठभर लवंगी मिरच्या पडल्या, आणि अखेर कडेने तेल सुटले.

ताटे मांडिली. कॉन्सोर्सियाबाईंनी पहिला घास घेतला आणि ठसका लागला. मारिवेलने नवरदेवाचा हात घट्ट धरिला. व्याहीणबाई पाणी प्याल्या, डोळे पुसोन बोलिल्या, "काय झणझणीत आहे! भात वाढा अजून. कुणी केलं हो?"

फेलिसितासबाई म्हणत्या तर मान आपणाकडे घेत्या. परंतु त्यांनी साफ सांगितले, "आमच्या ह्यांनी."

यावर कॉन्सोर्सियाबाई आपले यजमानांकडे वळोन इतुकेच म्हणाल्या, "ऐकलंत?" व्याहीबुवांनी मान खाली घातली, आणि परततां खाशांस कोपऱ्यांत घेऊन पुसिले, "काय हो, आमचं काय वैर होतं तुमच्याशी?"

येणेप्रमाणे ईस्टर उलटतांच विवाह करावा ऐसा ठराव जाहला, हंडी रिती जाहली, घसा एकाचाही खवखवला नाही. फत्ते मुकम्मल.

पाहुणे गेल्यावर चुलीपाशी दोघेच उरली. बाईंचा हात प्लास्टरात, म्हणोन खाशांनी राखोन ठेविलेल्या वाटीभर लाइंगात भात कालवोन घास त्यांचे मुखीं दिला. बाईंनी सावकाश चावोन निवाडा दिला, "आलं जरा जास्त झालंय." आणि पुढील घासाकरितां तोंड उघडिले.