ब्रोमीनचा रंग पळवला कोणी?

पदाने मी महाविद्यालयाच्या रसायनशाळेतला परिचर असलो, तरी वृत्तीने गुप्तहेर आहे. आठव्या इयत्तेने माझा मार्ग अडवला; अन्यथा माझ्या तीक्ष्ण दृष्टीस आणि सखोल बुद्धीस योग्य ते क्षेत्र लाभले असते.

सोमवारी बाईंनी मला बोलावले. बाई म्हणजे आमच्या नव्या प्राध्यापिका, नेमणूक तात्पुरती. गुरुवारी बाहेरचे परीक्षक येणार आणि त्यांच्या शेऱ्यावर बाईंची नोकरी राहणार की जाणार हे ठरणार होते. प्रयोग साधा : नारिंगी ब्रोमीनच्या पाण्यात अल्काइन या रंगहीन द्रवाचे थेंब टाकावेत, अल्काइनच्या दोन कार्बनांमधला त्रिबंध ब्रोमीनला गिळतो आणि रंग नाहीसा होतो. संकट असे, की आमच्या बाटलीतला रंग प्रयोगाआधीच नाहीसा होत होता. बाईंनी बाटली दोनदा नव्याने भरली; दोन्हीदा ती फिकटली.

मी तपास हाती घेतला. प्रथम संशय भौतिकशास्त्राच्या परिचरावर, कारण तो मला पाहून जिन्यात हसला, आणि निष्पाप माणूस जिन्यात हसत नाही. पुढे कळले, त्याने नवी कवळी बसवली होती व तोंड मिटत नव्हते. मग संशय सूर्यावर. बाटलीस काळा कागद गुंडाळला; रंग तरीही गेला. सूर्यास निर्दोष सोडावे लागले.

अखेर बाटल्यांची जी तपासणी मी एरवी रोज सकाळी एकदा करीत असे, ती दर तासाला आरंभली. पद्धत काटेकोर : ड्रॉपर घेऊन फळीवरच्या बाटल्या वर्णमालेनुसार पाहायच्या. अल्काइनचा थेंब पांढऱ्या फरशीवर, लगेच ब्रोमीनचा. आश्चर्य असे, की जसजशी मी पाळत वाढवली, तसतसा चोर धीट होत गेला.

बुधवारी दुपारी बाटली पाण्यासारखी स्वच्छ झाली. बाई स्टुलावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता कपाट आवरायला घेते."

केर काढणाऱ्या मावशी झाडू टेकून उभ्या होत्या. "दादा, घरी मिठातला चमचा न धुता साखरेत घालता का हो?"

स्वयंपाकघर या तपासाच्या कक्षेबाहेर आहे, असे मी गांभीर्याने सांगितले.

"मग ती काचेची नळी या बाटलीतून त्या बाटलीत तशीच का बुडवता? आठवडाभर बघतेय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीच बजावलंत ना, विचारल्याशिवाय साक्षीदाराने तोंड उघडायचं नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी सूर्याकडे पाहिले.

बाईंनी नवे द्रावण केले, दोन बाटल्यांना दोन ड्रॉपर दिले. गुरुवारी परीक्षकांसमोर रंग जिथे जायचा तिथेच गेला, आणि त्यांनी 'उत्तम' असा शेरा लिहिला. तेवढ्यात विभागप्रमुखांनी मात्र आधीच्या नासाडीच्या दोषीचे नाव लेखी मागितले. बाईंनी शांतपणे लिहिले : 'दोषी — ड्रॉपर. शिक्षा — प्रत्येक वापरानंतर धुणे.' आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "तपास अधिकाऱ्यांची सही हवी."

मी सही केली. आज तीन महिने झाले. दोषी मुकाट्याने शिक्षा भोगतो आहे आणि हात माझे सुरकुतत आहेत.