सुकदेवअण्णा पेन्सिल धरतात

सुकदेवअण्णा कुठल्याही वस्तूचं चित्र काढण्याआधी ती तळहातावर तोलून पाहतात. आमच्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात त्यांनी आतापर्यंत कपबशी, कुलूप आणि सरांचा चष्मासुद्धा तोलला आहे. "वजन कळल्याबिगर वस्तू कागदावर बसत नाय," असं त्यांचं म्हणणं. सर तेव्हापासून चष्मा डोळ्यांवरून काढत नाहीत.

अण्णांचा जन्म सायखेड्याला भाजीपाला पिकवण्यात गेला. आता सत्तरीत ते मुलाकडे, म्हसरूळला आमच्याच इमारतीत राहायला आलेत. मी निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून वर्गाला गेले. अण्णांना मात्र भलतीच घाई. "झाडं-डोंगर राहू द्या सर. घरातल्या वस्तू शिकवा. पाण्याचा गिलास पयला!"

एकदा सरांनी टेबलावर टोमॅटो-वांगी मांडली. आम्ही पेन्सिलींना टोक करेपर्यंत अण्णांनी सगळा माल निवडून टाकला. टवटवीत फळं वर, दबलेली खाली आणि किडकं वांगं थेट खिडकीबाहेर.

"अहो, त्या भोकासाठीच तर ते वांगं आणलं होतं!" सर ओरडले.

"किडका माल मांडता लोकांपुढं?" अण्णांना सरांचीच कीव आली.

मला हसू आवरेना. वस्तू दिसते तशीच काढायची, डागासकट, असं सरांनी बजावलं. अण्णा मुकाट्याने खाली जाऊन वांगं शोधून घेऊन आले.

पण गिलासापुढे त्यांची गाडी सरकेना. वर्गातला चालत नसे; घरून स्वतःचा आणायचे, काठाला पोचा आलेला. तो पोचा जमेपर्यंत पाच रविवार गेले. शेवटी मी वैतागून विचारलं, "अण्णा, एवढा कसला सोस त्या पोच्याचा?"

"मंडळीनं वळखायला पायजे ना, ताई. लकव्यानं वाचा गेली तिची. काय हवं ते सांगता येत नाय. छापील चित्रं आणली तर तिला परकी वाटत्यात. पोरानं मोबाइलात फोटू दाखवले, पण तिचा हात उठेस्तोवर फोटू इझतो."

मला माझीच लाज वाटली.

परवा त्यांच्याकडे गेले. यमुनाकाकूंच्या पलंगासमोर दोरी बांधून अण्णांनी चिमट्यांनी चित्रं लावली होती. गिलास, गोधडी, पंखा, फणी. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचा डावा हात हळूहळू उठला आणि बोट फणीवर थांबलं.

अण्णा धावत फणी घेऊन आले. ती काकूंच्या केसांना लावणार, तोच त्यांनी मान हलवली.

"मग काय पायजे गं? चित्र चुकलं का माझं?" अण्णा रडकुंडीला आले.

काकूंनी पुन्हा फणीकडे बोट केलं आणि मग ते अण्णांच्या डोक्याकडे वळवलं. मी पाहिलं, तर अण्णांचे केस चहूकडे उभे.

अण्णा पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी शहाण्यासारखा भांग पाडला. काकूंनी मान डोलावली.

"सा महिन्यांनी रागावली बघा माझ्यावर," अण्णा मला म्हणाले, आणि डोळे पुसत दाढीचं सामान शोधायला उठले.