राखणदाराची शंभर अंडी

"शुक्रवारी आपला अभ्यासक्रम खलास! नूडल्स माझ्याकडून!" बुधवारी सकाळीच कोमसानने अख्ख्या प्रयोगशाळेत जाहीर करून टाकलं.

त्याचंही बरोबर होतं म्हणा. पीएचडीला लागून दोन वर्षं झाली, तरी मागचं शुक्लकाष्ठ संपत नव्हतं. जीवशास्त्राच्या माणसाने संगणकही शिकावा आणि गणितही, असा त्यांच्या विद्यापीठाचा नियम! बाकीचे विषय सुटले, गाडी अडली ती संख्याशास्त्रावर. त्यात 'बी' श्रेणी नाही मिळाली, तर पात्रता परीक्षेला बसता येणार नाही आणि वर्ष फुकट. तिकडे गावी, लाम्पांगला, आईने गल्लीभर 'आमचा डॉक्टर' सांगून ठेवलेलं! बिचाऱ्याला एका जागी बसवत नव्हतं. जेवतानाही पाय हलत असायचे.

म्हणून लेखी पेपराआधी तो विभागासमोरच्या राखणदार देवाच्या देवळीत उदबत्ती लावून नवस बोलून आला होता. "पेपर निघू दे, शंभर उकडलेली अंडी वाहीन!"

पेपर निघाला! उरला फक्त प्रकल्प. पन्नास अंड्यांना जीवनसत्त्व टोचायचं, पन्नासांना नाही, आणि सातव्या दिवशी कुठल्या गटात पिल्लं जास्त धरली ते मोजायचं. अंडी उबवणीच्या पेटीत होती आणि आज सहावा दिवस होता. पण देवाचं देणं अंगावर ठेवून चालतं का? धीर धरेल तो कोमसान कसला! त्याने बाजारातून शंभर अंडी आणून फ्रीजमध्ये ठेवली आणि वर्गात जाता जाता सफाईच्या सामरुय मावशींना फोन लावला.

"मावशी, प्रयोगशाळेत शंभर अंडी आहेत, तेवढी उकडून देवापुढे ठेवाल?"

"त्यात काय! ठेवते की!"

वर्ग सुटल्यावर तो धावत आला, तोवर उदबत्ती विझली होती आणि प्रसाद वाटून झाला होता. सगळा विभाग अंडी सोलत उभा! "आत पिल्लू आहे, भारीच!" म्हणून कुणी मीठ मागत होतं; त्यांच्याकडे अशी अंडी चवीने खातात. संख्याशास्त्राच्या वन्निदा मॅडमही बशी घेऊन आल्या होत्या.

"कोमसान," अंडं फिरवून बघत त्या म्हणाल्या, "यावर पेन्सिलने सदतीस का लिहिलंय?"

कोमसान गर्रकन मावशींकडे वळला. "मावशी! फ्रीजमधली नाही घेतलीत?"

"ती गार होती रे! पेटीतली मस्त कोमट होती, म्हटलं गॅस वाचेल. शिवाय एक ते शंभर आकडे घातलेले! म्हटलं, पोराने देवासाठी मोजून ठेवलीत!"

मॅडमनी अंडं हळूच बशीत ठेवलं.

"मॅडम, माझा निकाल..."

"दोन्ही गटांत वाचलेली शून्य, म्हणजे फरकही शून्य. उकडण्याचा परिणाम मात्र शंभरात शंभर!"

"नवीन अंडी लावतो! सात दिवस द्या फक्त!"

"गुण शुक्रवारी जाणार. पुढल्या सत्रात पुन्हा बस. लेखी पेपरासकट!"

कोमसान देवळीच्या पायरीवर मटकन बसला. पाय हलायचेही थांबले. मावशींना वाईट वाटलं. त्या जवळ येऊन बसल्या.

"रडू नको बाळा. फ्रीजमधली शंभर तशीच आहेत. पुन्हा नवस बोल, सामान तयार आहे!"

"पुढल्या सत्रापर्यंत टिकतील का ती, मावशी?"

"अंड्यांचं राहू दे रे," मावशी म्हणाल्या, "तू टिकतोस का ते बघ!"