दिसत नाही, पण आहे

सरांचा शब्दकोशांवर विश्वास नव्हता. शब्द डोळ्यांसमोर घडला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. 'फॉल' शिकवताना ते एकदा खुर्चीवरून पडून दाखवायला गेले आणि पुढचा आठवडाभर उभ्यानेच शिकवत राहिले.

इंग्रजीचा वर्ग घरातच, बाहेरच्या खोलीत भरायचा. वर्ग सुरू झाला की सर दारात बसवलेलं कुलूप आतून लावत, म्हणजे उशिरा येणारा आत येत नसे आणि कंटाळलेला बाहेर जात नसे. त्या सकाळी एक नर्स, एक सलूनवाला आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा असे तिघं होते. नर्सची अकरा वाजता मोठ्या हॉस्पिटलात मुलाखत होती, तीही इंग्रजीतून. आधीच्या दोन्ही मुलाखतींत तिची दातखीळ बसली होती. हीसुद्धा हुकली तर नोकरीचा नाद सोडायचा, असं घरच्यांनी बजावून ठेवलं होतं.

त्या दिवशीचा धडा 'असण्या'चा होता. पेन टेबलावर आहे, तिथे 'देअर इज'. माणूस घरात राहतो, तिथे 'लिव्ह'. इथपर्यंत ठीक होतं. 'एक्झिस्ट' आला आणि तिघांचे चेहरे कोरे झाले. सरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि खिशातली दाराची किल्ली कपाटावरच्या रिकाम्या फुलदाणीत टाकली.

"आता उघडा. किल्ली दिसते? नाही. म्हणून ती नाहीच का? आहे. याला म्हणायचं एक्झिस्ट."

आजोबांनी विचारलं, की मग पेन्शनीत निघालेला माणूस 'लिव्ह' म्हणायचा की नुसता 'एक्झिस्ट'? प्रश्न सरांच्या जिव्हारी लागला, कारण त्यांनाही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ते खूप वेळ बोलले, आणि चांगलं बोलले. सलूनवाल्याचेही डोळे पाणावले.

शेवटी नर्स घड्याळ बघून उठली. सरांनी ऐटीत फुलदाणीत हात घातला आणि कोपरापर्यंत भिजवून बाहेर काढला. फुलदाणीत पाणी होतं, फुलं होती, किल्ली नव्हती. फुलं आली कुठून, हा विचार करायला कुणाला सवड नव्हती.

"किल्ली गेली," सर पुटपुटले.

"नाही सर. द की एक्झिस्ट्स," सलूनवाला म्हणाला आणि तिघांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा पांढराफटक चेहरा हाही त्यांना धड्याचाच भाग वाटला. तो तसा नाही हे कळल्यावर मात्र सगळ्यांचं धाबं दणाणलं. गाद्या उलटल्या, कपाट सरकवलं. आजोबांनी सलूनवाल्याचे खिसे तपासायला सुचवलं, सलूनवाल्याने आजोबांचे. खिडक्यांना गज होते, घराला दुसरं दार नव्हतं. नर्स खाली बसून मुलाखतीची उत्तरं पाठ म्हणू लागली, पण तोंडातून शब्द फुटेना. आपल्या धड्यापायी या मुलीचं आयुष्य कुलपात अडकलं, हे सरांच्या लक्षात आलं. त्यांनी नाक्यावरच्या चावीवाल्याला फोन केला. तो आला, त्याने बाहेरून ड्रिल लावलं आणि दहा मिनिटांत कुलपाचा भुगा झाला.

दार उघडलं तशा आतून सरांच्या बायको हात पुसत आल्या.

"अहो, कुलूप कशाला फोडलं? किल्ली खिळ्यावर आहे की."

सगळ्यांनी वळून बघितलं. दाराशेजारी, नेहमीच्या खिळ्यावर किल्ली लटकत होती. हरवलेली वस्तू तिच्या जागेवर कोण शोधतो?

फुलं ठेवायला या काकूंनीच फुलदाणी आत नेली होती. तिच्यात किल्ली दिसली, ती खिळ्यावर अडकवली.

"पण तू इथे आलीस कधी?" सरांनी विचारलं.

"तीनदा आले. फुलदाणी न्यायला, आणून ठेवायला आणि पाण्याचे ग्लास द्यायला. पाय बाजूला घ्या म्हटलं, तर तुम्ही घेतलेतसुद्धा."

"आणि एवढी शोधाशोध चालली होती, तेव्हा का नाही बोललीस?"

"मला वाटलं, धडा चाललाय."

नर्स केव्हाच जिना उतरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी एक खुर्ची जास्त मांडली.

"नवीन कोण येतंय?" बायकोने विचारलं.

"तू."

"मग पाणी कोण देणार?"

"मी देईन."

त्या संकोचत बसल्या. तेवढ्यात नर्स धावतच आली. नोकरी मिळाली होती. घाबरलात तेव्हा काय करता, असं तिथे विचारलं, तेव्हा तिने कालची किल्लीची गोष्टच इंग्रजीत सांगून टाकली होती, आणि ती सांगताना घाबरायचंच विसरली होती. ती काकूंचा हात हातात घेऊन सांगत होती, आजोबा मधेच प्रश्न विचारत होते, काकू हसत होत्या.

सर ग्लासांचा ट्रे घेऊन आले. त्यांनी प्रत्येकाच्या हाताशी एकेक ग्लास ठेवला. कुणी वर बघितलं नाही.

"पाय जरा बाजूला घ्या," ते सलूनवाल्याला म्हणाले.

सलूनवाल्याने बोलता बोलताच पाय बाजूला घेतले.