उखर्डू आबांची प्रेस

पहूरच्या उखर्डू आबांना इंग्रजी येत होतं. निदान आबांचं तसं मत होतं, आणि ते खोडून काढायला गावात इंग्रजी येणारं दुसरं कोणी नव्हतं. तरुणपणी आबांनी जळगावच्या एका कापसाच्या कारखान्यात गेटवर तीन सुगी काढल्या होत्या. येताना तिथून त्यांनी एक पितळी तांब्या आणि अकरा इंग्रजी शब्द आणले. तांब्या पुढे पुरात वाहून गेला, शब्द मात्र टिकले. गेट, टाइम, स्टीम, बेल, प्रेस असे ते शब्द आबा चार पाहुणे जमले की एकेक करून बाहेर काढत. जसे काही लग्नातले दागिनेच.

"विंग्रजी सोपी हाये," ते चावडीवर सांगत. "आपल्यात एका गोष्टीले दहा शब्द. सायबाचं तसं नाही. एक शब्द, एक अर्थ. जास्तीचे अर्थ ठेवायले सायबाले टाइम कोठी हाये?"

आबांचं हे मत एकोणीसशे बत्तीस सालच्या माघापर्यंत टिकलं.

झालं असं, की त्याच्या आदल्या मार्गशीर्षात आबांच्या लेकीसाठी, कुंदासाठी, स्थळ आलं. आणलं आबांच्या मेहुण्यानं, छगननं. छगन केळीच्या व्यापारात होता, चार गावं फिरायचा, आणि त्यालाही इंग्रजीचा सोस होता. तो साधं 'छापखाना' म्हणाला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण छगन ऐटीत म्हणाला, "मुलगा जळगावात गिरधरभाऊंच्या प्रेसमध्ये आहे. पंडित नाव. एकुलता एक, घरी फक्त आई."

आबा ताडकन उठून बसले.

आबांच्या लेखी प्रेस म्हणजे एकच. जिनात कापसातली सरकी निघायची, आणि उरलेली रुई त्याच आवारातल्या प्रेसमध्ये जायची. तिथलं वाफेचं यंत्र ती रुई दाबून दाबून दगडासारखी घट्ट गाठ करायचं. त्या गाठीला साहेब बेल म्हणायचा. काय दिवस होते ते! सुगीत जळगावच्या वाटेवर गाड्यांची रांग नजर संपेपर्यंत जायची. प्रेसच्या भोंग्यावर आख्ख्या पेठेतल्या चुली पेटायच्या. बाभळींना रुई अशी लटकायची, की परक्याला वाटावं खानदेशात बाभळीलाच कापूस लागतो. मात्र गेटबाहेर दोन-दोन, तीन-तीन दिवस बैल सोडून बसावं लागायचं. म्हणून ज्याचं माणूस प्रेसमध्ये, तो नशिबाचा.

पंडित पाहायला आला. उंच, सडपातळ, बोलायला हळू. आबांनी त्याला समोर बसवून परीक्षा घेतली.

"प्रेसचं काम कसं काय चालतं?"

"सीझनला मान वर करायला फुरसत नसते," पंडित म्हणाला.

"रोजचा माल किती निघतो?"

"मशीन नीट चाललं तर हजार-बाराशे."

आबांच्या हातातली सुपारी खाली पडली. त्यांच्या काळी तीनशे बेल निघाले की मालक पेढे वाटायचा.

"मशीन कोठचं?"

"विलायती. जुनं आहे, पण दाब एकसारखा देतं."

"आन् छाप?" आबांनी जाणकारासारखं विचारलं. गाठीवर कारखान्याची छाप मारतात, हे त्यांना गेटवरून ठाऊक होतं.

"छापच तर मुख्य. छाप फिकी पडली की गिऱ्हाईक माल परत करतं."

बोलणं तंतोतंत जुळलं. त्यात पंडितच्या बोटांची टोकं काळी होती. इंजिनाचं तेल, आबांनी ताडलं. एवढा मोठा माणूस, पण स्वतः यंत्राला हात घालतो. त्यांनी तिथल्या तिथं सुनंदाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, गूळ-पाणी आणायला सांगितलं. लग्न वैशाखात ठरलं.

माघात कापसाची शेवटची वेचणी घरात आली आणि आबा चावडीवर जाहीरपणे बोलले, "यंदा आपल्या गावाचा माल लायनीत उभा राहनार नाही. जावयाची प्रेस हाये."

आबांची गाडी एक, पण झिपरू, जीवराम आणि आणखी चौघे बैल जुंपून तयार झाले. सात गाड्या निघाल्या. सुनंदाबाई म्हणाल्या, "आधी कळवा तर खरं जावयाले."

"घरच्या कामाले निरोप धाडतात काय?" असं म्हणून आबांनी पहिल्या गाडीत बैठक मारली.

नेरीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी सात गाड्या जळगावात शिरल्या. गिरधरभाऊंची प्रेस कुठं, असं विचारत विचारत त्या एका अशा गल्लीत घुसल्या, की बैलांना मागं वळायला जागा उरली नाही. समोर दोन खोल्यांचं घर, दारावर पाटी. आत एक माणूस शिवणयंत्रासारखं काहीतरी पायानं चालवत होता. धुराडं नाही, भोंगा नाही.

ही कचेरी असंल, आबांनी स्वतःची समजूत घातली. यंत्रं मागं असतील.

मालक गिरधरभाऊ बाहेर आले. ते मूळचे धुळ्यातल्या देवपूरचे, जळगावात वीस वर्षं काढूनही बोली तीच. गल्लीभर कापसाच्या गाड्या पाहून त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"आबा, आठे कापूसनं काय काम शे?"

प्रेसवाला म्हणतो, इथं कापसाचं काय काम! जावयाचा मालक थट्टा करतोय असं वाटून आबा मनापासून हसले. पंडित कुठं म्हणून विचारलं, तर तो कागदाची पार्सलं सोडवायला स्टेशनवर गेलेला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दोन शिपाई दिसले आणि गिरधरभाऊंचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला.

त्याला कारण होतं. त्या वर्षी चळवळ जोरात होती. भिंतींवर रोज नवी पत्रकं चिकटायची, आणि ती कोण छापतं याचा सरकार शोध घेत होतं. गावातल्या प्रत्येक छापखान्यावर नजर होती. अशा वेळी एका छापखान्यापुढं सात झाकलेल्या गाड्या.

"कशाच्या गाड्या?" शिपायानं विचारलं.

"प्रेसच्या," आबा म्हणाले.

"तुम्ही कोण?"

गिरधरभाऊ मागून मान हलवत होते, हात हलवत होते. आबांना वाटलं, माणूस संकोची आहे, मोठेपणा नको म्हणतोय. ते छाती काढून म्हणाले, "आमी प्रेसचीच मानसं. म्या तर प्रेसचा जुना मानूस."

पाचव्या मिनिटाला आबा चौकीत फौजदारांसमोर उभे होते. पण त्यांना भीती वाटली नाही. फौजदार फार आदरानं, एकेक शब्द लिहून घेत बोलत होते. एवढ्या लक्षपूर्वक आबांचं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"प्रेसशी किती वर्षांचा संबंध?"

"वीस-पंचवीस तरी. पयले गेटवर व्हतो. कोनाले आत सोडाचं, कोनाले नाही, ते माझ्या हाती."

"लिहा, पहारा ठेवत असे," फौजदार कारकुनाला म्हणाले. "गाड्यांत काय आहे?"

"कापूस."

"कापसाखाली?"

"कापूसच."

"त्याच्याही खाली?"

आबांनी विचार केला. "गाडी, सायेब."

फौजदारांनी मिशी दाबली. "तुमचा माल जातो कुठं?"

"मुंबईले. तिथून बोटीनं थेट विलायतेत."

फौजदार खुर्चीतून उठले. "विलायतेपर्यंत? आणखी कोण कोण आहे यात?"

माल सगळ्यांचा आणि नाव एकट्याचं व्हावं, हे आबांच्या मनाला पटलं नाही. त्यांनी साही जणांची नावं बापाच्या नावासकट, नीट सावकाश सांगितली. झिपरूचं नाव कारकुनानं चुकीचं लिहिलं होतं, तेही दुरुस्त करून घेतलं.

"हे पाहा," फौजदार मऊ आवाजात म्हणाले, "खरं सांगितलंत तर बेलवर सोडून देईन."

त्यांच्या मनात जामीन होता. पण आबांना बेल एकच माहीत होता.

"बेल अजून झालेच नाहीत, सायेब. माल मोकळा हाये. एकडाव दाबू द्या, मंग तुमाले लागतील तेवढे बेल घ्या."

"लिहा," फौजदार कारकुनाकडे वळले, "लाच देऊ केली."

तिकडे गल्लीत शिपाई पत्रकं शोधत होते. त्यांनी काठ्या खुपसल्या, ताडपत्र्या ओढल्या, कापूस उपसला. गल्लीत पांढरं धुकं पसरलं. माड्यांवरून बायका पाहू लागल्या आणि शेजारच्या दोन गाई सरकीच्या वासानं जाग्या होऊन कामाला लागल्या. सगळ्यांत जास्त झिपरूची गाडी विस्कटली, कारण शिपायांना झिपरूचा चेहरा संशयी वाटला.

पंडित आला तो हा सगळा देखावा पाहून तसाच चौकीकडे धावला. धापा टाकत त्यानं फौजदारांना नमस्कार केला, खिशातून टोकावर अक्षर कोरलेला शिशाचा एक बारका खिळा काढून टेबलावर ठेवला आणि आपली काळी बोटं पुढं केली.

"साहेब, मी हे खिळे जुळवतो. ही आमची प्रेस. कापसाची प्रेस स्टेशनपलीकडे आहे. शब्द एक आहे, पण कारखाने दोन."

फौजदारांनी खिळा उलटसुलट करून पाहिला. "मग हे गृहस्थ प्रेसचे आहेत की नाहीत?"

आबांनी पंडितकडे पाहिलं. आत्ता कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडत होता, आणि त्या उजेडात मागाहून चौकीत आणून उभी केलेली गावची सहा तोंडं फार स्पष्ट दिसत होती. पंडितनं 'नाहीत' म्हटलं असतं तर आबांची उरलीसुरली पत तिथंच सांडली असती.

"आहेत साहेब," पंडित म्हणाला. "आमच्यापेक्षा मोठ्या प्रेसचे आहेत."

फौजदारांनी सगळ्यांना सोडलं. लिहिलेलं मात्र खोडलं नाही. सरकारी दप्तरात खाडाखोड चालत नाही, म्हणाले.

गल्लीत परत येऊन आबा गाडीच्या जुवावर बसले. बराच वेळ त्यांना शब्द सापडेना, मराठीतलाही.

"हजार-बाराशे म्हनले व्हते तुमी," शेवटी ते म्हणाले.

"लग्नपत्रिका, आबा."

"आन् सीझन?"

"लग्नसराईचा."

आबा मान खाली घालून बसले. पंडितनं बैलांना पाणी दाखवलं. मग तो म्हणाला, "मी काही लपवलं नाही, पण तुमची फसगत झाली हे खरं. लग्न मोडायचं तर मोडा, मी नावं ठेवणार नाही. आधी कापूस मात्र दाबून घेऊ. तो रात्रीच्या दवानं ओला झाला तर सात घरांचं नुकसान आहे."

त्यानं अंगरखा काढला, गल्लीत बसून सांडलेला कापूस गोळा केला, आणि स्वतः पुढं चालत सात गाड्या स्टेशनपलीकडच्या खऱ्या प्रेसकडे नेल्या. तिथं त्याची कोणाशी ओळख नव्हती. गाड्या रांगेतच लागल्या, बासष्टाव्या नंबरावर.

दोन दिवस ते तिथं होते. दोन्ही दिवस पंडित सकाळ-संध्याकाळ आला. आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन यायचा, आणि जेवणं झाली की गाडीच्या साटीवर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा. पहिल्या दिवशी आबा पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी मात्र चाळीस-पन्नास गाडीवान भोवती जमले. जामनेरचे, पाचोऱ्याचे, कुठले कुठले. कोणी विचारायचं, 'पुन्हा वाचा तेवढं,' आणि पंडित पुन्हा वाचायचा. बैलांच्या घाटी वाजत होत्या, उन्हात रुई तरंगत होती. एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, "हा पोऱ्या कोनाचा?"

"माझा जावई," आबा इकडं तोंड वळवून म्हणाले.

पुढं कित्येक वर्षांनी, रांगा गेल्या, गाड्याही कमी झाल्या, तेव्हा आबा म्हणत, बासष्टावा नंबर लागला ते बरं झालं, पहिला लागला असता तर जावई कळलाच नसता.

घरी येऊन त्यांनी सुनंदाबाईंना भीत भीत सगळं सांगितलं. आतून कुंदा म्हणाली, "मले ठाऊक व्हतं. आपल्या भिंतीले उलटा कागद चिकटवेल हाये, पाहाले आले तवा तो ते बसल्या बसल्या सरळ वाचत व्हते. कापूस दाबनारा कायले वाचंल?"

"मंग बोलली काहून नाही?"

"मोडलं असतं ना तुमी," कुंदा म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

वैशाखात लग्न झालं. पत्रिका नवऱ्या मुलानंच छापली.

फौजदारांची वही मात्र कुठंतरी जिवंत होती. एकोणीसशे सत्तेचाळीसच्या ऑगस्टात पहूरला मोठा समारंभ झाला. तालुक्याच्या एका उत्साही कार्यकर्त्यानं जुनी दप्तरं चाळून गावातले देशभक्त शोधून काढले होते. आबांना आणि त्यांच्या सहा साथीदारांना मांडवात पुढं बसवलं, हार घातले. बायका एका बाजूला दाटीनं बसल्या होत्या. कार्यकर्ता गहिवरून बोलला, "प्रेससाठी यांनी छळ सोसला. पोलिसांनी काठ्या खुपसल्या, पण कापसाखाली काय होतं ते सरकारला अखेरपर्यंत कळलं नाही."

आबांना ते सोसेना. ते उठले, हार सावरला आणि म्हणाले, "मंडळी, कापसाखाली कापूसच व्हता."

लोक हसले. मग टाळ्या पडल्या.

"खरं सांगतो. म्या देशासाठी काही केलं नाही. मले वाटलं, प्रेस म्हंजे प्रेस."

टाळ्या वाढल्या. एवढं करून किती साधा माणूस, असं कोणीतरी म्हणालं. आबा आणखी खुलासा करणार, तोच झिपरूनं त्यांचं धोतर धरून खाली ओढलं.

"आबा, आता गप बसा," तो कानात कुजबुजला. "त्या कापसावरून पंधरा वर्सं झाली, बायको मले रोज बोलून राह्यली. आज पयल्यांदा ती टाळ्या वाजवून राह्यली."

आबांनी बायकांच्या बाजूला पाहिलं, आणि गप बसले.