घेवड्याचा मान

काल शिजवलेला घेवडा आज कढईत उतरायला तयार झाला नाही, तेव्हा हौसाबाई शेडगेनं आधी त्याला शिवी दिली आणि मग सरपंचांना निरोप धाडला.

शेरेवस्तीत हे काही नवं नव्हतं. कच्चा घेवडा बोलत नाही. शिजल्यावर त्याला कंठ फुटतो, पण तोवर माणसं ताटं घेऊन बसलेली असतात आणि त्याला बोलायला सवड मिळत नाही. एखाद्या घरी उसळ उरली आणि झाकणाखाली रात्रभर राहिली, तर दाण्यांना आपापसांत बोलायला वेळ मिळतो. सकाळपर्यंत त्यांचं काहीतरी ठरलेलं असतं. बहुतेक वेळा मीठ कमी पडलं एवढीच तक्रार असते. बायका चिमूटभर मीठ टाकतात आणि विषय संपतो.

हौसाबाईनंही मीठ टाकून बघितलं होतं. घेवडा म्हणाला, मीठ बरोबर आहे, मुद्दा तो नाही.

हौसाबाईला वेळ नव्हता. तिच्या सासूनं, ठकूआत्यानं, ताप येऊन गेल्यापासून अन्नाला तोंड लावलं नव्हतं. पेज तिनं थुंकून टाकली. गुरगुट्या भात समोर आला की भिंतीकडं तोंड फिरवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, पोटात अन्न गेलं तर घरीच गोळ्यांवर भागेल, नाहीतर साताऱ्याला नेऊन सलाईन लावा. ठकूआत्यानं ते ऐकलं आणि सांगितलं, "ह्या उंबऱ्याच्या भाईर मी जिती जायाची न्हाई." ती बोलेल तसं करणारी बाई होती. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. तरी हौसाबाईचा नवरा दिनकर सकाळी उठून जीप आणायला गेला, कारण दुसरं करायचं तरी काय? आणि तो वळणाआड गेला न गेला तोच म्हातारी म्हणाली, "घेवडा घोटून दिलास तर खाईन."

एवढंसं काम. कढईत तेल टाकायचं, ठेचलेला लसूण आणि जिरं तडतडलं की बारीक चिरलेला कांदा, कांदा लाल झाला की घरचं कांदा-लसणाचं तिखट, आणि वर कालचा शिजलेला घेवडा त्याच्या अंगच्या पाण्यासकट. तांब्याच्या बुडानं घोटत राहायचं. एक भाकरी भाजून होईस्तोवर असा लोण्यासारखा होतो की बिनदाताचं माणूससुद्धा बोटानं चाटून खाईल. हौसाबाईनं हे शेकडो वेळा केलं होतं. आज कांदा लाल झाला, तिनं पातेलं उचललं, कढईवर कलतं केलं, आणि एक दाणा खाली पडला नाही. सगळे एकमेकांना धरून बसले होते.

सरपंच जालिंदरआबा आले ते चपला काढून सरळ स्वयंपाकघरात आले. त्यांनी पाट मागितला, पातेल्यासमोर मांडी घातली आणि घसा साफ केला.

"बोला. कुणाचं काय म्हणणं हाय?"

पातेल्यात अगदी वर एक टपोरा दाणा होता. शिजूनही त्याच्या अंगावरचे लाल पट्टे गेले नव्हते. तो म्हणाला, "आबा, काल आमाला शिजवलं. त्याबद्दल आमी काय बोललो न्हाई. दाणा हाय म्हणल्यावर एकदा शिजायचं आसतंच. पर दुसऱ्यांदा इस्तवावर जायाचं तर त्याला काय रीतभात हाय का न्हाई?"

"रीत मंजी?"

"मान. टावेल, टोपी, नारळ. इवायाला देता, पाव्हण्याला देता, जत्रंतल्या पैलवानाला देता. आमी दोनदा जळायचं आन् आमाला सादं 'या' पन म्हणायचं न्हाई."

"तुला मान?" हौसाबाई म्हणाली. "मेल्या, तू उसळ हाईस!"

"वहिनी, जरा थांबा," आबा म्हणाले. त्यांनी थोडा वेळ विचार केला. "मागणी वावगी न्हाई. रीतीला धरून हाय."

"आबा, तुमी कुणाच्या बाजूनं आलाय? आत म्हातारी उपाशी पडलीया, तकडनं जीप ईल."

"मी बाजूनं आलो न्हाई, मिटवायला आलोय. तेवढं टावेलाचं बगा."

हौसाबाई दाणदाण पावलं टाकत खोलीत गेली. भावानं दिलेला नवा टॉवेल तिनं ट्रंकेतून काढला आणि त्याच्या काठाची नखाएवढी चिंधी फाडली. टोपीला कापड पुरेना, म्हणून लसणाच्या पाकळीचं टरफल घेतलं. नारळ मात्र अख्खा आणावा लागला, कारण नारळ लहान करता येत नाही. तो तिनं पातेल्याला टेकवून ठेवला. आबा उभे राहिले. रीतीप्रमाणे दोन शब्द बोलले. घेवड्यानं आजवर गावासाठी जे केलं त्याबद्दल गाव त्याचं ऋणी आहे, असं म्हणाले. मग वाकून त्यांनी त्या टपोऱ्या दाण्याच्या खांद्यावर चिंधी घातली, डोक्यावर टरफल ठेवलं आणि हात जोडले.

पातेल्यात शांतता पसरली. आधी वाटलं, समाधानाची असेल. मग टिक् असा आवाज झाला. परत झाला. आणि मग पावसात पत्र्यावर गारा वाजाव्यात तसा सगळ्या पातेल्यातून आवाज आला. हौसाबाईनं एक दाणा दाबून बघितला. काल बोटात चिरडणारा घेवडा खड्यासारखा झाला होता.

"आता काय झालं?" आबांनी विचारलं.

टपोऱ्या दाण्यानं मान खाली घातली होती. टरफल त्याच्या डोळ्यावर आलं होतं. "चुकलं," तो हळू आवाजात म्हणाला. "थोरले खाली हायत. मला वाटलं, झोपल्यात."

हौसाबाईनं पळी घालून तळ ढवळला. अगदी बुडाशी एक दाणा होता. काळपट, सुरकुतलेला, एका अंगानं चपटा. इतर सगळा घेवडा औंदाचा, हा मागल्या कुठल्यातरी सालचा, डब्याच्या कोपऱ्यात राहून गेलेला. त्यानं नुसतं आबांकडं बघितलं.

आबांचं तोंड उतरलं. थोरल्याला सोडून धाकट्याला आधी टॉवेल घालणं म्हणजे काय, हे शेरेवस्तीत पोराटोरालाही ठाऊक आहे. असल्या चुकीपायी तिथं भर मांडवातून वऱ्हाडं माघारी गेलीत आणि सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला गेले नाहीत. खुद्द आबांचा थोरला चुलता आबांच्या लेकीच्या लग्नात असाच रुसला तो मरेपर्यंत त्यांच्या घरचं पाणी प्यायला नाही. आबांनी गडबडीनं दुसरी चिंधी मागितली.

"नगं," सुरकुतलेला दाणा म्हणाला. त्याचा आवाज खोल होता, पण स्वच्छ. "धाकट्याच्या मागनं मिळाला, त्याला मान म्हणत न्हाईत."

"चूक झाली, थोरले. पदरात घ्या."

"पदर बायकांस्नी आसतो. मला काय सांगताय?"

आबा परत खाली बसले. "वहिनी, हे आता माझ्या हातातलं ऱ्हायलं न्हाई. ग्रामसभंपुढं घेऊ. सगळ्यांसमोर माफी मागू."

"ग्रामसभा कवा?"

"पुढल्या म्हयन्यात."

"आन् म्हातारी तवर काय तुमचं भाषान खाईल?" हौसाबाई ओरडली. मग ती पातेल्याकडं वळली. तिच्या हातात तांब्या होता. "ऐका रं. लई झालं तुमचं. मुकाट्यानं कढईत या, न्हाईतर सगळ्यास्नी म्हशीपुढं वतते."

"वत," थोरला दाणा शांतपणे म्हणाला. "म्हशीपुढं मानाचा सवालच येत न्हाई."

हौसाबाईनं तांब्या खाली ठेवला. तिनं विस्तव मागं ओढला, कारण कांदा करपायला लागला होता, आणि शेजारी जाऊन घेवडा मागावा असं तिच्या मनात आलं. पण शेजारच्या कमळाबाईनं भिंतीपलीकडूनच सांगितलं, "माझ्याकडं यिऊ नगंस, हौसा! आमचा पन आयकत बसलाय. मगापासनं कुकरची शिट्टी हून दिना झालाय!"

ओढ्याच्या चढावर जीपचा आवाज ऐकू आला.

हौसाबाई उभीच राहिली. लग्नं तिनंही केली होती, दोन नणंदांची आणि एका लेकीची. थोरला पाहुणा रुसला की काय करतात? त्याला समजवायला घरातली सून जात नाही आणि गावचा सरपंचही जात नाही. थोरल्याला बोलवायचं तर घरातल्या थोरल्यानंच जावं लागतं. आवतान त्याचं. सकाळपासून ह्या घरात ती ओरडली होती, आबा बोलले होते, शेजारीण बोलली होती. जिच्यासाठी चाललं होतं आणि जिचं घर होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिनं पातेलं उचललं आणि माजघरात नेऊन आत्याच्या उशाशी ठेवलं.

"आत्या, उठा. पाव्हणं रुसल्यात. तुमालाच बोलावं लागंल."

ठकूआत्याला उठवत नव्हतं. हौसाबाईनं पाठीला गुडघा लावून तिला बसवलं. म्हातारीचं वजन ज्वारीच्या सुपाएवढं लागलं. तिनं पातेल्यात वाकून बघितलं आणि आधी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"राम राम, पाव्हणं," ती म्हणाली. "कुठल्या पट्टीतलं म्हणायचं?"

"वड्याकडंच्या," थोरला दाणा म्हणाला. "बांधावर बाभळ हाय तितलं."

"मग मीच मातीत टोकलं आसंल तुमास्नी."

"मला न्हवं. माज्या बापाला. मी त्येच्या येलावरचा."

"कशी व्हती शेंग?"

"बरी व्हती. पाऊस मागनं आला."

"त्या साली मागनंच आला," ठकूआत्या म्हणाली. तिनं पातेल्याच्या काठावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "माझ्या घरी जेवान हाय. तुमी सगळ्या भावकीला घिऊन यावं."

तिनं हौसाबाईकडं हात केला. हौसाबाईनं कुंकवाचा करंडा पुढं धरला, तसे दारातून आबा खाकरले. "वहिनी, आत्याचा हात कुंकवाला... म्हंजी मालक गेल्यापासनं... रीतीत बसत न्हाई."

"आमच्यात तसलं काय नसतं," थोरला दाणा म्हणाला.

हौसाबाईनं आबांकडं असं बघितलं की ते दारातून मागं सरले. ठकूआत्यानं करंड्यात बोट बुडवलं. तिनं त्या काळपट दाण्याला कुंकू लावलं.

"दात किती हायत?" त्यानं विचारलं.

"एक बी न्हाई. म्हणून तर आवतान दिलं."

"मग यायला पायजे," तो म्हणाला. आणि पातेल्यातला सगळा घेवडा एकदम सैल पडला. दीर्घ श्वास सोडल्यासारखा आवाज झाला.

पुढचं काम भराभरा झालं. हौसाबाईनं विस्तव पुढं ओढला, कढईत चमचाभर तेल वाढवलं आणि पातेलं कलतं केलं. घेवडा आपण होऊन उतरला, टपोरा दाणा टॉवेल-टोपीसकट सर्वांत पुढं. तिनं टॉवेल-टोपी काढून बाजूला ठेवली. त्यानं हरकत घेतली नाही. तांब्याचं बूड लागेल तसतसे दाणे फुटत गेले, पाणी आटत गेलं, तिखटाचा वास माजघरात गेला. कुणी ओरडलं नाही. एकदोन दाणे बारीक आवाजात काहीतरी म्हणत होते, पण ते तक्रारीचं नव्हतं. जोंधळे दळताना बायका म्हणतात तसं काहीतरी होतं.

दिनकर ड्रायव्हरला घेऊन आत आला. ड्रायव्हरनं विचारलं, "पेशंट कुठाय?"

"पेशंट जेवायला बसलीया," हौसाबाई म्हणाली. "च्या पिऊन माघारी जावा."

दिनकरनं आईकडं बघितलं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर ताटली होती आणि तिची बोटं घेवड्यात बुडालेली होती. ती सावकाश खात होती, मध्येच थांबत होती, परत खात होती. दिनकर दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. डोळे पुसायला त्यानं उगाच धुराचं निमित्त केलं. धूर तर कधीच विरला होता.

पातेल्यात थोरला दाणा तेवढा राहिला होता. हौसाबाईनं विचारलं, "ह्यांचं काय करायचं? घोटू का?"

"नगं," ठकूआत्या म्हणाली. "पंगत उठल्यावर थोरल्यानं बसायचं आसतं. इकडं दे."

तिनं तो दाणा उचलला, जिभेवर ठेवला आणि तोंड मिटलं. चावायला दात नव्हते. दाणा अजून टणक होता. तो एका बाजूला सरकला आणि तिच्या डाव्या गालाला बारीक फुगवटा आला. ती तशीच आडवी झाली आणि तिनं भिंतीकडं नाही, घराकडं तोंड केलं.

जीप गेली. आबाही गेले. हौसाबाई मोरीवर बसून कढई घासत होती, तेव्हा माजघरातून बोलणं ऐकू यायला लागलं. एक आवाज म्हातारीचा, दुसरा खोल आणि दबका. मोरीवरून दिसत होतं, म्हातारीचं तोंड मिटलेलंच होतं, गाल तेवढा हलत होता. ओढ्याकडंच्या पट्टीत आता कोण टोकतं, बाभळ कुणी तोडली, असं काहीतरी चाललं होतं. दिनकर आत जायला निघाला.

हौसाबाईनं राखेचा हात आडवा धरून त्याला अडवलं.

"कुठं निघाला? थोरली माणसं बोलाय लागलीत. आपलं काय काम हाय तितं?"

दिनकर मागं फिरला, आणि तिनं कढई पालथी घालून दुसऱ्या अंगानं घासायला घेतली.