रोज नव्या उंचीवर राहणारा पुंडलिक

गोव्यातल्या आमच्या पार्से गावात पुंडलिक गेली कित्येक वर्षं एकाच घरात राहतो, पण रोज वेगळ्या उंचीवर. सोमवारी त्याचं घर समुद्रसपाटीपासून एकतीस मीटरवर असतं, मंगळवारी एकोणीसवर. ढग भरून आले की थेट बेचाळीसवर जातं. हे सगळं त्याला सायकलच्या हँडलवर बसवलेलं काडेपेटीएवढं यंत्र सांगतं.

यंत्र मुलीने ऑस्ट्रेलियाहून पाठवलं. ते वेग सांगतं, अंतर सांगतं आणि किती चढलात तेही सांगतं. पहिल्या दोन गोष्टी ठीक असतात. तिसरीचा भरवसा नाही, कारण उंची ते हवेच्या दाबावरून काढतं. हवा बदलली की आकडा बदलतो. खालचं बारीक छिद्र घामाने बुजलं तर चहाच्या टपरीवर बसल्या जागी पुंडलिक डोंगर चढून येतो.

"हवा फिरली," तो म्हणतो. हे त्याचं आवडतं वाक्य. पोदेराचा पाव कडक निघाला, हवा फिरली. गावातली लाईट गेली, हवा फिरली. चिडून म्हणत नाही, आजाऱ्याची चौकशी करावी तसं म्हणतो.

त्याच्यावर लिहायचं कारण त्याची गंमत सांगणं एवढंच नाही. आम्ही दोघे डिचोलीच्या एका खाणीत सर्व्हे खात्यात होतो. तिथे एक मोठी चूक झाली, तिचा ठपका पुंडलिकवर आला. ती चूक माझी होती. इतकी वर्षं हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. आता माझी पंचाहत्तरी उलटली आहे आणि गप्प राहण्याचाही कंटाळा आला आहे.

पण आधी माणूस कळायला हवा.

पुंडलिक सकाळी घरून निघतो आणि वीस किलोमीटर फिरून घरीच परत येतो. जितका चढला तितकाच उतरला पाहिजे, यात वाद घालण्यासारखं काही नाही. यंत्र मात्र म्हणतं, चढलात दोनशे दहा, उतरलात एकशे अठ्ठ्याहत्तर. मग पुंडलिक दारातच सायकल धरून उभा राहतो आणि मला, शेजारच्या रघूला, हाक मारतो.

"रघू, मी अजून बत्तीस मीटर वरच आहे रे!"

आतून वहिनी विचारतात, "मग जेवण तिथे पाठवू, की तुम्ही खाली येता?"

दर रविवारी तो मांद्रेला जातो, यंत्राला समुद्र दाखवायला. मी स्कूटरवरून त्याच्या मागे. माझे गुडघे गेलेले, सायकल जमत नाही. तिथे तो अगदी पाण्याच्या कडेला सायकल उभी करतो आणि यंत्राला सांगतो, ही शून्य उंची. आता प्रश्न असा, की समुद्रही एका जागी थांबत नाही. समुद्रसपाटी म्हणजे भरती-ओहोटीच्या मधली पातळी, म्हणून तो किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांना विचारत फिरतो, भरती किती झाली, निम्मी भरायला किती वेळ आहे.

त्यांतला एक म्हातारा त्याला जमीनदार असल्यासारखी हाक मारून दर रविवारी तेच सुनावतो, "भाटकारा, दर्या काय तुमच्या मशिनीक विचारून भरता?"

सगळी रापण हसते. पुंडलिकही हसतो आणि वाळूत बसून निम्म्या भरतीची वाट बघतो. एकदा आम्ही तिथे पावणेदोन तास बसलो. एक रशियन बाई येऊन विचारून गेली, कुणी बुडालं आहे का?

मुलगी म्हणते, बाबा, दुसरं चांगलं पाठवते, हे फेकून द्या. पुंडलिक ऐकत नाही. "एकदा चुकला म्हणून काय हाकलून द्यायचं?" एकदा नाही, रोज चुकतं, असं मी म्हणणार होतो. पण त्याने यंत्राला 'चुकला' म्हटलं होतं, एखाद्या माणसासारखं.

या माणसाने पूर्वी जमिनीचा चढउतार मोजणाऱ्या लेव्हलच्या दुर्बिणीतून जे पाहिलं त्यावर खाणीचे रस्ते उतरले. साहेब लोक नवं यंत्र आलं की आधी त्याच्या हाती देत. आणि आज तोच माणूस स्वतःच्या घरात भिंतीवर कॅलेंडर लावायचं तर मला हाक मारतो. "तू खिळा मार रे. माझ्या हातून तिरकं होतं." मी जातो. खिळा मारतो. तो मागे सरून बघतो आणि म्हणतो, "आता सरळ." त्या घरातला एकेक फोटो मी टांगलेला आहे, आणि एकही टांगताना मला बरं वाटलेलं नाही.

झालं होतं ते असं. खाणीतलं पावसाचं पाणी बाहेर काढायला चर खणायचा होता. पुंडलिक दुर्बिणीतून आकडे वाचून मोठ्याने सांगायचा, मी वहीत लिहायचो. मागे धरलेल्या पट्टीचा आकडा एका रकान्यात, पुढच्या पट्टीचा दुसऱ्यात. एका ठिकाणी मी ते उलटे लिहिले. जिथे चढ होता तिथे वहीत उतार झाला.

अशी चूक सापडावी म्हणूनच रीत आहे, की शेवटपर्यंत गेल्यावर पुन्हा मोजत मोजत सुरुवातीच्या खुणेपर्यंत परत यायचं. दुसऱ्या दिवशी चवथ, म्हणजे गणपती होते. पुंडलिकला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झालेली, महिन्याची होती. मी म्हटलं, "तू जा घरी. परतीचं मी करतो." त्याने दोनदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "जा रे."

तो गेला. पट्टी धरणाऱ्यालाही मी सोडून दिलं. मग काजूच्या झाडाखाली बसून त्याच्याच आकड्यांवरून परतीचे आकडे तयार केले. खरे वाटावेत म्हणून मधे दोन-तीन मिलिमीटरचा फरकही ठेवला. अर्ध्या तासात काम झालं. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, फळं-पानं घ्यायला मी बाजार बंद व्हायच्या आत पोचलो.

सणानंतर पुंडलिकने त्या वहीवर न बघता सही केली.

पुढच्या पावसात पाणी चरातून बाहेर जायच्याऐवजी मधेच तुंबलं, काठ फुटला आणि लाल चिखल खालच्या भातशेतीत गेला. लोक गेटवर आले. मी जागेवर गेलो तेव्हा चढ डोळ्यांना दिसत होता, आणि वहीत मी काय केलं तेही तिथेच कळलं. साहेबांनी वही पाहिली. जातानाचं आणि येतानाचं जुळत होतं. म्हणजे लिहिण्यात गफलत नाही, पाहणाऱ्यानेच चुकीचं पाहिलं, असं ठरलं. त्यांनी विचारलं, "आकडे कुणी वाचले?"

"मी," पुंडलिक म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो. माझे हात पाठीमागे होते, हे मला अजून आठवतं.

त्याला स्टोअरमध्ये टाकलं. निवृत्त होईपर्यंत तो ट्रकचे टायर आणि नटबोल्ट देत राहिला. दुर्बिणीला त्याने परत डोळा लावला नाही. मी मात्र बढती घेत हेड सर्व्हेअर झालो.

गेल्या महिन्यात तो मला म्हणाला, चल, पेडण्याच्या स्टेशनवर जाऊ. तिथल्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती पक्की. यंत्राने ती बरोबर सांगितली तर बाकीचं सगळं माफ. आधी आम्ही मांद्रेला जाऊन निम्मी भरती गाठली, शून्य लावलं आणि मग स्टेशन गाठलं. आभाळ स्वच्छ होतं. पुंडलिकने छिद्र रुमालाने पुसलं, सायकल पाटीखाली उभी केली आणि चष्मा लावला.

सतरा मीटरचा फरक.

मी "हवा फिरली"ची वाट बघत होतो.  तो बाकावर येऊन बसला, घाम पुसला. मग म्हणाला, "पाटी चुकत नाही. यंत्राचंही काही नसेल. दुसऱ्या कुणाच्या हातात ते बरोबर चालत असेल. माझा हात लागला की बिघडतं, बघ. त्या चरापासून हे असंच आहे."

आणि मग मी सांगितलं. उलटे रकाने, काजूचं झाड, सगळं. मधे मालगाडी आली. ती जाईपर्यंत थांबावं लागलं, आणि पुढचं राहिलेलं सांगणं जास्त जड गेलं.

पुंडलिकने रुळांवरची नजर माझ्याकडे वळवली.

"परतीचं तू केलंच नाहीस?"

"नाही."

"आणि मी वाचलेलं?"

"बरोबर होतं. सगळे आकडे बरोबर होते. मी वहीत उलटे लिहिले."

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी त्यासाठी बसलोच होतो. तो म्हणाला, "काय मरे रघू. एवढं घरी जायचं होतं तर सांगायचंस. परतीचं मी केलं असतं."

"तुझी पोर महिन्याची होती."

"होती. म्हणूनच तर गेलो." त्याने चष्मा काढून पुसला. "चर फुटला तेव्हापासून माझ्या मनात एकच. मी पोरीच्या ओढीने गेलो आणि तुला एकट्याला उन्हात परतीचं करायला ठेवलं. मी थांबलो असतो तर चूक सापडली असती. साहेबांपुढे मी 'मी' म्हटलं ना, ते त्यापायी."

  मी त्याला फसवलं त्याचा अपराध तो स्वतःकडे धरून बसला होता.

त्याने खिशातून फोन काढला आणि मुलीला लावला. तिकडे दुपार होती. ती घाबरलीच, कारण या वेळी तो कधी फोन करत नाही.

"काय झालं बाबा? पडलात का सायकलवरून?"

"नाही गो बाय. एक सांगायचं होतं. बाबाचा डोळा बरोबर होता."

"डोळा? कुठला डोळा? मोतीबिंदू निघाला का? मी म्हणत होते ना, दाखवून घ्या."

तेव्हा मला कळलं, की त्याने मुलीला यातलं कधी काही सांगितलेलंच नव्हतं. बाप स्टोअरमध्ये होता, एवढंच तिला माहीत.

पुंडलिकने माझ्याकडे पाहिलं. सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"काही नाही गो," तो म्हणाला. "जेवलीस?"